पाटा गेला, खलबत्ता राहिला

महाराष्ट्रातल्या घरांतून जातं गेलं तेव्हा फारसं कुणी हळहळलं नाही. निदान ज्या त्यावर बसत होत्या, त्यांनी तरी नाही. गावात पिठाची गिरणी सुरू झाली की पहाटे उठून दळणाऱ्या बायकांनी दळणाचा डबा उचलला आणि गिरणीची वाट धरली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी १९८०च्या दशकापासून गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून जमलेला, एक लाखाहून जास्त ओव्यांचा हा संग्रह आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’तर्फे प्रसिद्ध होतो आहे. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, बाबासाहेब आहेत. मराठी बायकांनी इतकं काव्य दुसऱ्या कुठल्याही वस्तूपाशी बसून रचलेलं नसेल. तरीही गिरणी येताच त्या दगडापासून उठल्या त्या उठल्याच. दगडाबरोबर गाणंही मागे पडत गेलं, पण गाण्यासाठी म्हणून कुणी पुन्हा दळायला बसलं नाही.

मग त्याच घरातला खलबत्ता का राहिला? ओट्यावर मिक्सर आहे, त्याची तीन भांडी आहेत, आणि तरी त्याच्या शेजारी बिडाचा नाहीतर दगडी खलबत्ता आहे. फडताळात पितळी सोऱ्या आहे, पुरणयंत्र आहे. गॅसवर नॉनस्टिक तव्याच्या जागी बिडाचा तवा परत आला आहे. याची कारणं विचारली की बहुधा संस्कार, परंपरा, आजीच्या हातची चव असे शब्द पुढे येतात, आणि या शब्दांना दिवाळी अंकांनीच पुष्कळ खतपाणी घातलेलं आहे. मला हे उत्तर पटत नाही. आठवणींवर वस्तू टिकत असत्या तर सगळ्यांत आधी जातं टिकलं असतं. माझं म्हणणं असं, की स्वयंपाकघराने जुन्या हत्यारांची एकेक करून, फार काटेकोर निवड केली आहे. जिथे नुसते कष्ट होते ते काम यंत्राला देऊन टाकलं. जिथे पदार्थ कापायचा, चिरडायचा, दाबायचा की घासायचा, आणि कुठवर, यावर त्याची घडण ठरते, ते काम हाताशी ठेवलं. आणि जिथे यंत्राने हीच जुनी क्रिया जशीच्या तशी उचलली, तिथे हातानेही खुशाल माघार घेतली.

इथे एक गल्लत आधीच बाजूला काढायला हवी. जुनी वस्तू घरात असणं आणि ती वापरात असणं यांत फरक आहे. लग्नाच्या आधी उखळ-मुसळाची पूजा होते, जात्यावर हळदीचे दोन फेरे दळले जातात, घाणा भरला जातो. बारशाला वरवंट्याला कुंची घालून त्याचा गोप्या होतो आणि तो पाळण्याखालून या हातातून त्या हातात जातो. हे सगळं आजही सोळाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये होतं. वरवंटा नसला तर शेजारून मागून आणला जातो. पण या वस्तू तिथे मान घेण्यापुरत्या येतात. मान मिळालेलं हत्यार बहुतेक वेळा कामावरून निवृत्त झालेलं असतं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयातले अडकित्ते किंवा गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी उभारलेल्या ‘गोवा चित्र’मधली अवजारं पाहताना आपण जे अनुभवतो, ते कौतुक आहे. माझा विषय त्या वस्तू नाहीत. ज्यांना हळदकुंकू लागत नाही, ज्या रोज घासून पालथ्या घातल्या जातात, त्यांचा हा विषय आहे.

मिक्सरपासून सुरुवात करू, कारण निवड कशी झाली ते त्याच्याच जयपराजयात दिसतं. फळांचा रस काढायला आणि अंडी फेटायला केलेली परदेशी यंत्रं आपल्या हळकुंडापुढे, भिजलेल्या उडदापुढे आणि ओल्या खोबऱ्यापुढे दमत होती. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर या अभियंत्याने खास भारतीय वाटणासाठी दणकट मोटर असलेला ‘सुमीत’ मिक्सर घडवला, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत शहरी मराठी घरातला पाटा-वरवंटा जवळजवळ निकालात निघाला. हे योग्यच झालं. कोकण-गोव्यातलं माशाच्या कालवणाचं वाटण घ्या: ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, धणे, हळद. ते जितकं बारीक तितकं चांगलं. म्हणजे त्या कामाला ‘पुरे’ असं म्हणण्याची वेळ आपोआप येते. गुळगुळीत झालं की झालं. शिवाय त्यात पाणी असतं, त्यामुळे मिश्रण भांड्यात फिरून पुन्हा पुन्हा पात्याखाली येतं. मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत जाणाऱ्या पात्याला याहून सोयीचं काम नाही. पाट्यावरचं वाटण अधिक चवदार असतं असं म्हणणारे आहेत, आणि दगडाने घासलेल्या खोबऱ्याचा पोत वेगळा लागतो हेही खरं; पण रोजच्या कालवणात तो फरक अर्ध्या तासाच्या ओणव्या बैठकीच्या मोलाचा नाही, असा निर्णय लाखो घरांनी घेतला. तो मोडीत काढण्याचा अधिकार ताटावर बसणाऱ्याला नाही.

मिक्सर हरला तो अर्ध्या वाटेवर थांबायच्या कामात. ठेचा हा ठेचलेलाच असावा लागतो. हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि वर थोडे दाणे: यातल्या प्रत्येकाचा तुकडा ओळखू यायला हवा आणि तरी त्यांचा रस एकमेकांत उतरायला हवा. पातं मिरची छाटतं; बत्ता ती चिरडतो. छाटलेल्या मिरचीची पेशी जिथे कापली तिथेच फुटते, चिरडलेल्या मिरचीत सगळीकडे फुटते, आणि तिचा तुकडा मात्र शाबूत राहतो. लसणाच्या बाबतीत तर हे रसायनशास्त्रातही सिद्ध आहे. त्याचा उग्र वास पाकळीत तयार नसतोच. पेशी फुटून आतलं विकर दुसऱ्या द्रव्याशी भेटलं की ॲलिसिन तयार होतं आणि वास सुटतो. म्हणून ठेचलेला लसूण आणि चिरलेला लसूण फोडणीत दोन वेगळे जिन्नस म्हणून वागतात. कोल्हापूरकडे खरडा करताना खलबत्ताही लागत नाही. तव्यावर भाजलेल्या मिरच्या तिथल्या तिथे तांब्याच्या किंवा वाटीच्या बुडाने रगडतात. हत्यार बदललं, दाबून घासण्याची क्रिया तीच राहिली. खानदेशात भरताची वांगी काटक्यांवर भाजून झाली की लाकडी बडगीत ठेचली जातात. भरिताच्या वांग्यासाठी भौगोलिक मानांकन मिळवलेल्या जळगावात याचा पर्याय शोधण्याची कुणाला फारशी गरज वाटलेली नाही, कारण मिक्सरमधून निघालेलं भरीत ही वांग्याची लापशी असते. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी कुटत कुटत तेल सुटेपर्यंत न्यायची असते, पण तिचं लोणी होऊ द्यायचं नसतं. पात्याखाली या दोन अवस्थांत काही क्षणांचंच अंतर उरतं. मुसळाखाली ते अंतर मिनिटांचं असतं आणि हाताला ते जाणवतं.

यावर आक्षेप येतो तो रास्त आहे. मिक्सर थांबत थांबत, एकेक झटका देत फिरवला तर ठेचाही बऱ्यापैकी जमतो, दाण्याचं कूट तर रोज अनेक घरांत तसंच होतं. कबूल. कुटाच्या बाबतीत खलबत्ता मागे पडला आहे आणि त्याबद्दल तक्रार करण्यासारखं काही नाही. खिचडीला लागणारं भरड कूट दोन झटक्यांत मिळतं. पण या आक्षेपातच माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे. मिक्सर चांगला चालवणारी बाई तो मिक्सरसारखा चालवत नाही. त्याला बत्त्यासारखा वागवायचा प्रयत्न करते, प्रत्येक झटक्यानंतर झाकण काढून पाहते. आणि जिन्नस थोडा असेल तर तेही जमत नाही. चार वेलदोडे, दोन लवंगा, बोटभर आलं, सहा लसूणपाकळ्या, एवढा ऐवज मिक्सरच्या भांड्यात टाकला की तो भिंतीला चिकटतो आणि पातं मधोमध रिकामं फिरत राहतं. मग भांडं धुवायचं, पात्याखाली अडकलेलं खरवडायचं, रबरी कडी काढून पुसायची. वेळ मोजायचाच तर हा धरून मोजावा. वेलदोड्यासाठी खलबत्ता वापरणं हे जुन्यावरचं प्रेम अजिबात नाही, तो सरळ हिशेब आहे. आजच्या चौकोनी कुटुंबात जिन्नसाचं माप लहान होत गेलं, आणि त्यामुळेच मोठा पाटा अडगळीत जाऊन लहान खल ओट्यावर आला असावा.

पुरणाची गोष्ट याहून मजेदार आहे, कारण तिथे टिकून राहिलेलं जुनं हत्यार स्वतःच एक यंत्र आहे. पुरण एके काळी पाट्यावर वाटलं जाई. मग दांडा फिरवायचं पुरणयंत्र आलं, जाळीच्या तीन-चार चकत्यांसह, आणि पाटा गेला. नंतर मिक्सर आला, फूड प्रोसेसर आला, पण होळीच्या दिवशी पुरणयंत्र माळ्यावरून खाली उतरतंच. ज्यांच्याकडे ते नाही त्या चाळणीवर वाटीच्या बुडाने पुरण घासून काढतात. यामागचं कारण डाळीच्या पेशीत आहे. हरभऱ्याची डाळ नीट शिजली की तिच्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात, पण शिजून फुगलेला स्टार्च बराचसा पेशीच्या आतच राहतो. जाळीतून दाबलं की या पेशी अखंड, सुट्या बाहेर पडतात, म्हणून पुरण मऊ आणि मोकळं होतं. पातं त्या पेशी चिरतं, आतला स्टार्च बाहेर येतो आणि पुरणाला चिकटपणा येतो. मग पोळी लाटताना ते कडेपर्यंत सरकत नाही आणि पोळी फुटते. उकडलेल्या बटाट्याचंही हेच होतं, म्हणून वड्याचा बटाटा हातानेच कुस्करतात. शिवाय जाळी ही परीक्षकही असते. कच्चा राहिलेला दाणा किंवा गुळाचा खडा ती पुढे जाऊ देत नाही. मिक्सर तो बारीक करून सगळ्यात मिसळून टाकतो.

यंत्राने क्रिया उचलली की हात कसा माघार घेतो, याचं उत्तम उदाहरण मुंबईत लालबागच्या मिरची गल्लीत दर उन्हाळ्यात दिसतं. एप्रिल-मे महिन्यात वर्षाचा मसाला करायला बायका इथे येतात. बेडगी, संकेश्वरी, पांडी अशा मिरच्या निवडून घेतात, धणे-खसखस-दगडफूल भाजून घेतात आणि सगळं डंखावर कुटून घेतात. डंख म्हणजे विजेवर चालणारी उखळ-मुसळ. लोखंडी मुसळं आळीपाळीने वर जातात आणि खाली आपटतात. तिथे कुणी म्हणत नाही की हातानेच कुटलं पाहिजे. पण दळलेला मसाला नको, कुटलेला हवा, हा आग्रह मात्र पक्का असतो. थोडा भाग विश्वासाचाही आहे: आपली मिरची आपल्या डोळ्यांसमोर कुटली जाते, दुसऱ्याच्या मालात मिसळत नाही. दक्षिणेत असाच मार्ग इडली-डोशाच्या पिठाने काढला. कोइंबतूरच्या कारागिरांनी दगडी रगडा तसाच ठेवला आणि त्याला फिरवायला मोटर जोडली. त्या वेट ग्राइंडरला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्यांना वाटतं की जुन्या हत्यारांचा आग्रह म्हणजे विजेचा तिटकारा, त्यांनी हे दोन दाखले जरूर पाहावेत.

उलट बाजूचा दाखला पोळीचा. मराठी अभियंता प्रणोती नागरकर यांनी सिंगापुरात राहून ‘रोटीमॅटिक’ हे यंत्र विकसित केलं. त्यात पीठ, पाणी, तेल भरलं की कणीक मळण्यापासून फुलका भाजण्यापर्यंत सगळं ते करतं. परदेशातल्या अनेक भारतीय घरांत ते रुळलंही आहे, आणि फुलक्यापुरतं ते ठीकच आहे. पण गोळा दाबून चपटा करण्याची त्याची क्रिया घडीच्या पोळीला चालत नाही. तेल लावून घडी घालायची, पुन्हा लाटायची, कडा मधल्या भागापेक्षा जाड राहू द्यायच्या नाहीत, म्हणजे तव्यावर पदर सुटतात. हे काम पोळपाट-लाटण्याकडेच राहिलं. भाकरीचं तर विचारूच नका. ज्वारीत गव्हासारखं ताणून धरणारं ग्लूटेन नसतं, त्यामुळे गरम पाण्यात पीठ तळव्याने मळून मळूनच त्याला चिकटपणा आणावा लागतो आणि मग परातीत किंवा काठवटीत ती थापावी लागते. साच्यात दाबलेली भाकरी कडेला चिरते.

भाकरीवरून तव्याकडे येऊ. नॉनस्टिक तव्याने १९९०च्या आसपास मध्यमवर्गीय घरांत जागा पटकावली ती कमी तेल आणि सोपं घासणं या दोन वचनांवर, आणि ती वचनं त्याने पाळली. अडचण आली ती आपल्या तापवण्याच्या सवयीची. भाकरीचा तवा रिकामा, कोरडा, चांगला कडक तापवावा लागतो; नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि मोठ्या आचेवर रिकामा तवा तिथवर पोचायला वेळ लागत नाही. वर लोखंडी उलथणं. बिडाच्या तव्याला या दोन्हीचं भय नाही. कोकणातलं घावन किंवा आंबोळी त्यावर का चांगली होते, याचं कारण मात्र अनेकदा उलटं सांगितलं जातं. बीड उष्णता चांगली वाहून नेतं, असं म्हणतात. प्रत्यक्षात ॲल्युमिनियम उष्णता बिडाच्या तिपटीहून अधिक चांगली वाहून नेतं. बिडाचं बळ त्याच्या वजनात आहे. जाड तवा सावकाश तापतो, पण पुष्कळ उष्णता साठवून धरतो. गार पीठ वर पडलं तरी तो एकदम थंडावत नाही, त्यामुळे जाळी पडते. पातळ तवा पीठ पडताच गारठतो आणि घावन चिकटून बसतं. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवण्याच्या रीतीतही जादू नाही. तापलेल्या लोखंडावर तेलाचा पातळ थर आवळून घट्ट बसतो. असे थर साठत गेले की तवा ‘मुरतो’. बाजारातला तयार लेप घासला जाऊन कमी होतो, हा मात्र वापरागणिक वाढतो. हत्यार वापराने सुधारत जावं, हे मिक्सरला कधी जमणार नाही.

लोखंडी भांड्यांबरोबर आरोग्याचे दावे येतात आणि त्यांत खऱ्याखोट्याची सरमिसळ फार. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये इथिओपियातल्या लहान मुलांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली, लोखंडी भांड्यांत शिजवलेलं अन्न खाणाऱ्या मुलांमधला ॲनिमिया ॲल्युमिनियमच्या भांड्यांतलं खाणाऱ्यांपेक्षा जास्त घटला, असं तिच्यात दिसलं. ज्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आहे, तिथे हा निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही. पण तो भांड्यांत वेळ घेऊन शिजणाऱ्या ओलसर अन्नाचा आहे. तव्यावर दोन-तीन मिनिटं टेकणाऱ्या कोरड्या भाकरीतून फार लोह मिळेल असं त्यावरून म्हणता येत नाही. कढईतल्या टोमॅटोच्या भाजीत लोह जास्त उतरेल, मात्र त्याच कढईत आमसुलाचं सार केलं तर ते काळं पडेल आणि लोखंडाची चव लागेल. म्हणून लोखंडी कढईच्या घरातही आंबटासाठी निराळं भांडं असतंच. तसंच मिक्सरच्या उष्णतेने ‘सगळी सत्त्वं मरतात’ या वाक्याचं. मसाले दळताना तापतात आणि त्यांचं सुगंधी तेल उडतं हे खरं आहे, इतकं खरं की मोठ्या मसाला उद्योगांत द्रवरूप नायट्रोजनने गार ठेवून दळण्याची पद्धत वापरली जाते. पण घरी वीस सेकंद फिरलेल्या चटणीला हा नियम लावणं म्हणजे घाबरवणं आहे. खलबत्त्याची बाजू भक्कम आहे. तिला असल्या कुबड्यांची गरज नाही.

या सगळ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: ‘पसंती’ म्हणताय ती नेमकी कुणाची? महामार्गावरच्या ढाब्यांवर ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’, ‘पाट्यावरचा ठेचा’ अशा पाट्या झळकतात. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत धूर जातो आणि गिऱ्हाईक खमंगपणाचे पैसे मोजतं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा गॅस नको, चूलच बरी, असं चुलीजवळच्या किती जणी म्हणाल्या असत्या? जिथे गॅस परवडेना तिथे सिलिंडर कोपऱ्यात पडून चूल पुन्हा पेटली हे खरं, पण ती पसंती नव्हे, नाइलाज आहे. म्हणून मी एकच कसोटी धरतो: हत्यार ज्याच्या हातात आहे त्याची निवड मोजायची, ज्याच्या पानात पदार्थ पडतो त्याची नाही. नवऱ्याने किंवा सासऱ्याने ‘मला पाट्यावरचीच चटणी लागते’ म्हणणं ही पसंती नाही, ती फर्माईश आहे, आणि मराठी घरांत अशा फर्माईशींनी किती पाठी आणि खांदे कामाला लागले त्याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. या कसोटीवर जातं, चूल आणि पाटा बाद होतात. खलबत्ता, पुरणयंत्र, सोऱ्या, बिडाचा तवा पास होतात, कारण स्वयंपाक करणाऱ्यांनी (आता त्यांत पुरुषही थोडे वाढले आहेत) पर्याय समोर असताना ते स्वतः उचलले. सोऱ्याचंच पाहा. चकलीचं पीठ दाबताना पेचाचा दांडा जड चालला की भाजणी घट्ट भिजली, हलका चालला की सैल, हे मनगटाला कळतं आणि तळायच्या आधी चूक दुरुस्त करता येते. घरच्या वापरात हे ज्ञान सोडून देण्याएवढं मोठं आमिष विजेच्या सोऱ्याने अजून दाखवलेलं नाही. शंभर किलो चकली करणाऱ्या कारखान्याचा हिशेब अर्थातच वेगळा, आणि तिथे हात वापरणं उगाच ठरेल.

फॅशनचा आक्षेप मला किरकोळ वाटतो. शहरांतल्या दुकानांत मुरवलेले बिडाचे तवे भारी किमतीला विकले जातात, कुणी ते फोटोपुरते घेतात, हे सगळं आहे. पण फोटोपुरता घेतलेला तवा गंजतो. तो ओला ठेवला की दुसऱ्या दिवशी तांबूस होतो आणि मालक उघडा पडतो.

खरी मर्यादा हत्यारात नाही, त्याच्या मागच्या माणसांत आहे. पाटा मिक्सरमुळे गेला हे अर्धंच खरं. दगडाला ठरावीक काळाने टाकी लावावी लागते. वाटून वाटून तो गुळगुळीत झाला की जिन्नस नुसता सरकतो. दारोदार फिरून पाट्या-जात्यांना टाकी लावणारी माणसं शहरांतून दिसेनाशी झाली, तेव्हा ज्या घरांना पाटा ठेवायचा होता त्यांनाही तो ठेवता आला नाही. पितळी भांड्यांचंही असंच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त; त्यात ताक, चिंच, आमसूल ठेवलं की ते कळकतं. म्हणून आतून कथलाचा लेप हवा. कल्हईवाला भट्टी लावतो, भांडं तापवतो, नवसागर टाकून ते स्वच्छ करतो आणि कथलाचा तुकडा फिरवून कापसाने किंवा चिंधीने तो आतून पसरतो. कथील २३२ अंशांनाच वितळतं, त्यामुळे कल्हईचं पातेलं रिकामं तापवलं की लेप ओघळतो. म्हणजे या भांड्याला वापरणाऱ्याची शिस्तही लागते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ठोके ऐकू येतात, पण तिथल्या मालाला गिऱ्हाईक मिळत राहिलं तरी कोपऱ्यावर भट्टी लावणारा कल्हईवाला नसेल तर ते पातेलं शोकेसमध्येच जाणार. खलबत्ता, तवा आणि सोऱ्या टिकले त्यामागे हेही एक कारण आहे की त्यांना कुणाची सेवा लागत नाही. लागली तर थोडं तेल.

याच हिशेबाने विळीबद्दल माझं मत फारसं आशादायक नाही, जरी ती या सगळ्यांत सर्वांत हुशार हत्यार आहे. विळीचं पातं स्थिर असतं आणि दोन्ही हात भाजीला मोकळे मिळतात. पाट पायाखाली दाबून अंगाचा भार देता येतो. सुरण, लाल भोपळा, कच्चा फणस यांच्यासाठी सुरीपेक्षा ती निर्विवाद सरस आहे. पात्याला तेल लावून फणस चिरला की चीक चिकटत नाही. टोकाची खोवणी नारळाच्या वाटीत आतून फिरते. पण तिच्या सगळ्या गुणांचा पाया जमिनीवरची बैठक आहे. ओटा आला, स्वयंपाक उभ्याने होऊ लागला, गुडघे कुरकुरू लागले, आणि विळीचं बळ ज्यातून येत होतं ती बैठकच गेली. ओट्याला अडकवायच्या विळ्या आल्या, त्यांत अंगाचा भार येत नाही. घडीच्या विळ्या सामानात घालून परदेशी नेल्या जातात, पण त्या बहुतेक नारळापुरत्या, आणि खोवलेलं गोठवलेलं खोबरं आता तिथल्याच भारतीय दुकानांत पाकिटात मिळतं. ज्यांचं काम आजही बैठकीचं आहे, त्यांच्याकडे विळी राहील: लग्नाच्या आचाऱ्यांकडे, पंगतीभर कोशिंबीर करणाऱ्या देवस्थानांच्या भटारखान्यांत, आणि मासळी बाजारात, जिथे मोठ्या पात्याची विळी पुढ्यात घेऊन बसलेली कोळीण सुरमईच्या तुकड्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करता करता पाडते. घरांत तिची जागा चांगली धार असलेली सुरी घेईल, आणि बऱ्याच ठिकाणी ती घेऊनही झाली आहे.